भाऊबीजेचे १७ पाहुणे आणि जेवणाआधीचे खाणे: बेल वाजल्यावर कढई न चढवता काय करता येईल?

नौपाडाकरीण (धागाकर्ती)

नमस्कार. यंदा भाऊबीज आमच्याकडे आहे. ठाण्यातील नौपाड्यात, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत लहानमोठी मिळून १७ माणसे येणार आहेत. मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर आणि बासुंदी असा जेवणाचा बेत ठरला असून पुऱ्या लाटायला दोन जावा हाताशी आहेत, त्यामुळे त्याची मला चिंता नाही. माझा प्रश्न त्याआधीच्या दोन तासांचा आहे. कळव्याची मंडळी साडेसहालाच दारात उभी राहतात, तर मीरा रोडची नणंद गायमुख घाटात अडकली की साडेआठ वाजले तरी पोहोचत नाही, आणि सगळे जमल्याशिवाय पाने वाढायची नाहीत हा सासऱ्यांचा नियम आहे. या मधल्या वेळात आधी आलेल्यांच्या हातात काहीतरी द्यावे लागते आणि उशिरा आलेल्यांनाही ते तसेच चांगले मिळावे लागते.

गेल्या वर्षी मी बटाटेवडे केले होते. गरमागरम वाढावेत या हौसेपायी, जसजसे लोक येतील तसतसा घाणा काढायचा असे ठरवले आणि साडेसहा ते साडेआठ मी कढईसमोरच उभी राहिले. ओवाळण्यासाठी लावलेल्या निरांजनात दोनदा तूप घालावे लागले. भाऊ पाटावर बसण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून वडे खात होता. त्या दिवशीच्या सगळ्या छायाचित्रांत मी एकदाच दिसते, तीही पाठमोरी आणि हातात झारा घेतलेली.

म्हणून यंदाची पहिली अट अशी की बेल वाजल्यानंतर तळण करायचे नाही. चार दिवस फराळ खाऊन सगळे कंटाळलेले असतात, तेव्हा पुन्हा चकली-शेव पुढे करायची नाही. सासरे ८२ वर्षांचे आहेत आणि कवळी लावत नाहीत, त्यामुळे निदान एक पदार्थ मऊ असावा. एका भाच्याला शेंगदाणा अजिबात चालत नाही. कृपया अनुभवाचे सांगावे.

सीवूड्सची आजी

तुमचे वडे चुकले नव्हते, त्यांची वेळ चुकली होती. माझ्या मते पाहुण्यांसाठीच्या पदार्थांचे तीन गट असतात: गार असताना चांगले लागणारे, कोमट झाले तरी चालणारे आणि गरमच खावे लागणारे. तिसऱ्या गटावर सरळ काट मारावी. बटाटेवडा, कांदाभजी, साबुदाणावडा हे चार माणसांचे पदार्थ आहेत; सतरा माणसांना ते घालायचे तर घरातले एक माणूस बळी जाते, आणि ते कोण असते हे सांगायला नको.

पहिल्या गटात माझ्या घरी सुरळीच्या वड्यांना मान आहे. सकाळी करून ठेवल्या तर संध्याकाळी त्या अधिक नीट बसलेल्या असतात, हाताला तेल लागत नाही, आणि दात नसलेल्या माणसालाही खाता येतात. लोक त्यांना घाबरतात ते ढवळण्याच्या कष्टामुळे, पण त्याला कुकर हा उपाय आहे. एक वाटी बेसन, एक वाटी आंबट ताक आणि दोन वाट्या पाणी घ्यावे. त्यात आले-मिरचीचा ठेचा, हळद, हिंग आणि मीठ घालून गुठळी राहू न देता कालवावे. हे मिश्रण कुकरच्या डब्यात झाकण ठेवून तीन शिट्ट्या होईपर्यंत शिजवावे. वाफ जिरताच डबा काढावा आणि क्षणभरही न थांबता रवीने किंवा व्हिस्कने जोरात घोटावे. आत पाणी सुटलेले व बेसन खाली बसलेले दिसेल, त्याने घाबरू नये, घोटल्यावर ते एकजीव होते. मग वाटीच्या बुडाने किंवा उलथन्याने ताटाच्या उलट्या बाजूवर पातळ पसरावे. आधी चमचाभर पसरून अर्धा मिनिट थांबावे. कडा सुटून वर आली तर मिश्रण तयार आहे, चिकटून राहिली तर अजून दोन मिनिटे मंद आचेवर ढवळावे. ताटे मात्र आधीच मांडून ठेवावीत, कारण मिश्रण निवले की पसरत नाही, त्याचा गोळा होतो. एक वाटी बेसनाच्या वीस ते पंचवीस वड्या होतात.

एक सूचना अनुभवाने करते. ओले खोबरे सकाळी आत भरू नये. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात खवलेला नारळ दुपारपर्यंत आंबूस होतो आणि मग दोष बेसनाला लागतो. गुंडाळ्या करून डबा फ्रीजमध्ये ठेवावा. मोहरी, तीळ आणि हिंगाची गार केलेली फोडणी, खोबरे व कोथिंबीर वाढायच्या आधी वरून घालावी.

नेरूळचा बल्लव

आजींच्या तीन गटांशी सहमत आहे, मात्र दुसऱ्या गटाची बाजू मांडतो. अळूवडी आणि कोथिंबीरवडी या दोन्ही पदार्थांत कष्टाचा भाग वाफवण्यापर्यंतचा असतो आणि तो दोन दिवस आधी उरकता येतो. अळूवडीचे वाफवलेले उंडे पूर्ण गार करून, डब्यात घालून फ्रीजमध्ये तीन दिवस सहज राहतात. किंबहुना गार उंडा धारदार सुरीने कापला तर चकत्या सुटत नाहीत, गरम उंडा कापायला गेलात की पाने उलगडतात.

पाने काळ्या देठाची घ्यावीत. अळू खाजते ते त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून बेसनाच्या लेपात चिंचेचा कोळ सढळ असावा आणि उंडे पुरती वीस-पंचवीस मिनिटे वाफवावेत. सुरी खुपसून ती स्वच्छ बाहेर आली की गॅस बंद करावा. चिंच आणि गूळ यांत कंजूषी केलेली अळूवडी मी एका समारंभात खाल्ली आहे, त्यानंतर तासभर कोणाशी बोलता आले नव्हते.

तळण टाळायचे असेल तर चकत्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परताव्यात. हे काम पाच वाजता करून वड्या जाळीवर पसरून ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत, नाहीतर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. साडेसातलाही त्या चांगल्या लागतात. ज्यांच्याकडे एअर फ्रायर आहे त्यांनी १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे ठेवले, मध्ये एकदा उलटून तेलाचा हात फिरवला, की काम होते. शिवाय नुसत्या वाफवलेल्या चकत्यांवर तीळ-मोहरीची फोडणी आणि खोबरे घालून देणे हीही जुनीच पद्धत आहे.

प्रमाणाचे सांगायचे तर, तासा-दीड तासाने भरपेट जेवण असेल तेव्हा माणशी चार-पाच घास पुरतात. सतरा माणसांना पंच्याऐंशी नग म्हणजे तीन पदार्थांचे प्रत्येकी तीस. यापेक्षा अधिक केलेत तर पुऱ्या उरतील.

घोडबंदरवासी

गायमुख घाटाचा उल्लेख वाचून राहवले नाही, कारण त्या घाटाने माझा ढोकळा बसवला आहे. दोन वर्षांपूर्वी पाहुणे फोनवर म्हणाले, ‘दहा मिनिटांत पोहोचतो’. मी पिठात फ्रूट सॉल्ट घातले, पीठ फसफसून वर आले, आणि तेवढ्यात दुसरा फोन आला की पुढे ट्रक बंद पडला आहे. गरमच वाढायचा म्हणून मी ते पीठ तसेच पाऊण तास ठेवले. नंतर जे शिजले ते विटेसारखे होते. सोडा आणि आम्ल पाण्यात एकत्र आले की लगेच वायू तयार होतो आणि पीठ ताबडतोब वाफेवर गेले नाही तर तो निघून जातो, हे शाळेत शिकलेले त्या रात्री कळले.

तेव्हा ढोकळा करायचा असेल तर पाहुण्यांच्या वेळेशी त्याचा संबंध ठेवू नका. दुपारी चारला करून टाका, वरून साखर-लिंबाचे पाणी घातलेली फोडणी ओता आणि झाकून ठेवा. असा मुरलेला ढोकळा गार असतानाही लुसलुशीत राहतो आणि तुमच्या सासऱ्यांना चालेल.

गावठाणातली

आम्ही घणसोलीचे आगरी. आमच्या घरी भाऊबीजेला मटण असते, त्यामुळे तुमच्या बेताला माझा उपयोग नाही, परंतु धागा इतरही वाचत असतील म्हणून लिहिते. पाहुणे येईपर्यंत आम्ही जवळ्याची सुकी चटणी आणि तांदळाच्या भाकरीचे तुकडे ठेवतो. सुका जवळा निवडून, कोरडाच तव्यावर भाजून, मग धुऊन, लसूण, कांदा, लाल मसाला आणि कोकम घालून परतलेला असला की तो सकाळचा संध्याकाळीही तितकाच चवदार लागतो. भाकऱ्या दुपारी भाजून सुती फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि ऐन वेळी चार-चार तुकडे करायचे.

कोळंबीचे मात्र आजींच्या तिसऱ्या गटासारखे आहे. हळद, मीठ आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) लावून ठेवलेली कोळंबी तव्यावर तीन-चार मिनिटांत होते, पण पुन्हा गरम केली की रबरासारखी चिवट होते. ती आम्ही घरच्या माणसांसाठीच ठेवतो.

ऐरोलीकर

एवढा सगळा खटाटोप वाचून मला नम्रपणे विचारावेसे वाटते की विकत का आणू नये? पोळी-भाजी केंद्रांत अळूवडीचे तयार उंडे मिळतात, कोथिंबीरवडी मिळते. सणाच्या दिवशी घरच्या बाईने उसंत घ्यावी असे आपण म्हणतो आणि मग तिला उंडे वळायला बसवतो.

नौपाडाकरीण

ऐरोलीकर, आपले म्हणणे मला पटते आणि त्यात मला कमीपणाही वाटत नाही. परंतु दोन अडचणी आहेत. आमच्या भागातील बरीच केंद्रे पाडव्यापासूनच बंद असतात, त्यामुळे आदल्या दिवशी आणून ठेवावे लागते. दुसरे म्हणजे, एका ठिकाणाहून आणलेल्या उंड्यांना कापतानाच वास येत होता आणि तोवर पाहुणे घरात आलेले होते. ताजे कधी केले हे विचारण्याची सोय असेल अशाच ठिकाणाहून घ्यावे, एवढे मी त्यातून शिकले.

सीवूड्सची आजी

उंडे विकत आणायला माझी हरकत नाही, पण वळायला घरातल्या पुरुषांना बसवायलाही नाही. आमच्याकडे पाने लाटण्याने दाबून शिरा मोडण्याचे काम नातू करतो.

आता भाच्याविषयी. शेंगदाणा चालत नाही याचा अर्थ नुसता दाणा चालत नाही असा धरू नका. आपल्या घरांत फोडणीला शेंगदाण्याचे तेल असते, कोशिंबिरीत कूट असतो, चिवड्यात दाणे असतात आणि चिवड्याचा चमचा सगळीकडे फिरतो. मुलाच्या आईला आधी फोन करून तेलही टाळावे लागते का हे विचारून घ्या. तेल चालते असे ती म्हणाली तरी त्या दिवशीपुरते घरात दुसरे तेल वापरावे, म्हणजे कोणत्या ताटात काय हे लक्षात ठेवायला नको.

नौपाडाकरीण

आजी, तेलाची गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. नणंदेला विचारले, तेलही नको असे ती म्हणाली. गेल्या वर्षी वडे शेंगदाण्याच्या तेलात तळले होते आणि त्याने ते सुदैवाने खाल्ले नव्हते, कारण तो पोचेपर्यंत संपले होते. यंदा सगळा स्वयंपाक सूर्यफुलाच्या तेलात होईल आणि चिवड्याचा डबा त्या दिवशी वर माळ्यावर जाईल.

सर्वांच्या सूचनांवरून ठरवलेला बेत असा: सुरळीच्या वड्या, अळूवडी आणि दडपे पोहे. आदल्या दिवशी जांभळी नाक्यावरून अळू आणि कोथिंबीर आणीन. नरकचतुर्दशीच्या सकाळी मात्र तिकडे फिरकणार नाही, कारण राम मारुती रस्ता आणि तलावपाळी यांवर दिवाळी पहाटेसाठी तरुण मंडळींची इतकी गर्दी असते की पिशवी घेऊन चालणेही कठीण होते. दडपे पोहे पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी दडपून ठेवावेत असा विचार आहे, शेंगदाण्यांऐवजी डाळे घालीन. हे योग्य होईल का?

नेरूळचा बल्लव

दडप्या पोह्यांना माझा थोडा विरोध आहे. तो पदार्थ उत्तम, पण त्याची घडी अर्ध्या-पाऊण तासाची असते. साडेसहाच्या मंडळींना तो छान लागेल, साडेआठच्यांना लगदा मिळेल. करायचेच असतील तर पातळ पोहे कोरडेच एका पातेल्यात ठेवा. कांदा, टोमॅटो, खोबरे, मिरची, मीठ, साखर आणि लिंबू यांचे मिश्रण दुसऱ्यात कालवून झाकून ठेवा. फोडणी तिसऱ्या वाटीत. दोन खेपांना दोनदा दडपावेत. मिश्रणाला सुटलेले पाणी बहुधा पुरते, नारळाचे पाणी घालायचे ते शिंपडण्यापुरते. वरून पोह्याचा पापड चुरडायचा तो द्रोण हातात देताना.

आणि सासऱ्यांना टोमॅटोच्या साली त्रास देतील, त्यांना सुरळीची वडीच द्या.

घोडबंदरवासी

दह्यातले वडे सुचवतो. तळण आहे, पण ते आदल्या दिवशीचे, त्यामुळे आपली अट मोडत नाही. उडदाच्या डाळीचे वडे आदल्या रात्री तळून फ्रीजमध्ये ठेवावेत, दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवून तळहातांमध्ये हलकेच दाबून पाणी काढावे. दही घोटताना त्यात थोडे दूध घालावे म्हणजे संध्याकाळपर्यंत आंबट होत नाही. मात्र १७ वाट्या आणि १७ चमचे घासायची तयारी हवी.

नौपाडाकरीण

वाट्या घासण्याची कल्पना वाचूनच तो पदार्थ मी सोडून दिला. क्षमस्व.

पेयाचे विचारायचे राहिले. सोलकढी करू का?

सीवूड्सची आजी

नको. नारळाचे दूध दोन तास बाहेर राहणार असेल तर त्याचा भरवसा नसतो, आणि जेवणात बासुंदी आहे. कोकमाचे सरबत करा, जिरेपूड आणि चिमूटभर सैंधव घालून. सरबताचा तांब्या आणि पेले दाराजवळच्या टेबलावर ठेवा आणि वाढण्याचे काम एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे द्या. त्या वयाच्या मुलांना नाहीतरी कोणी काही काम सांगत नाही.

नौपाडाकरीण

काल भाऊबीज झाली. धागा अर्धवट सोडू नये म्हणून वृत्तान्त लिहिते.

सुरळीच्या वड्यांचे दोन घाणे सकाळी नऊला झाले. पहिल्या घाण्यातील दोन ताटे पसरेपर्यंत मिश्रण निवले आणि डब्याच्या तळाशी मूठभर गोळा उरला. तो मुलीने तिखट-मीठ लावून खाल्ला. दुसऱ्या वेळी नवऱ्याला ताटे धरायला उभे केले आणि एकही वडी वाया गेली नाही. अळूचे तीन उंडे परवा वाफवून ठेवले होते, पाच वाजता दोन उंड्यांच्या चकत्या तव्यावर परतल्या. आजींनी सांगितल्याप्रमाणे फोडणी आणि खोबरे वेगळ्या वाट्यांत ठेवले होते, त्यामुळे बेल वाजल्यावर माझे काम फक्त ते शिंपडण्याचे होते.

कळव्याची मंडळी सहा वाजून वीस मिनिटांनी आली. मी साडी बदललेली होती, हे विशेष नमूद करते. दडपे पोहे पहिल्या खेपेला उत्तम जमले. दुसऱ्या खेपेला मी बोलण्याच्या नादात नारळाचे पाणी शिंपडण्याऐवजी ओतले आणि बल्लव यांनी वर्तवलेला लगदा तयार झाला. सासऱ्यांनी मात्र टोमॅटो बाजूला काढून तोच आवडीने संपवला. नणंद पावणेनऊला पोहोचली. तिच्या कुटुंबासाठी बारा सुरळीच्या वड्या वेगळ्या डब्यात ठेवल्या होत्या, त्या जशाच्या तशा होत्या, आणि भाच्याने त्यांतल्या सात एकट्याने खाल्ल्या.

ओवाळणे सव्वासातला झाले, निरांजनात एकदाच तूप घातले. तिसरा उंडा उरला आहे, तो आज रात्री तव्यावर परतून वरणभाताबरोबर संपेल.

भाऊ पाटावरून उठताना स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, ‘यंदा वडे नाहीत का?’ मी त्याला सांगितले की पुढच्या वर्षी भाऊबीज त्याच्याकडे आहे आणि कढई मी घेऊन येईन.